घरच्या मीटरवरची गाडी

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. आमच्या गाडीची अख्खी बॅटरी ३०.२ युनिटची. म्हणजे साडेतीन लिटर पेट्रोलपेक्षाही थोडी कमीच ऊर्जा पोटात घेऊन ही गाडी पुण्याहून निघते, खंबाटकी घाट चढते आणि चार माणसं नि त्यांचं सामान घेऊन कराडला आमच्या दारात येऊन उभी राहते! हा हिशेब मी कागदावर मांडला, पुन्हा मांडला, मग मुलाला मांडायला लावला. बरोबर आहे. तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

पेट्रोलच्या गाडीत आपण जे जाळतो त्यातला जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो. बाकीचा रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून गरम हवा होऊन जातो. इतकी वर्षं गाडी चालवली, पण आपण पेट्रोलचे पैसे मुख्यतः रस्ता तापवायला देतो हे कधी मनातच आलं नव्हतं. इलेक्ट्रिक मोटर बॅटरीतली बहुतेक सगळी वीज चाकांना देते. शाळेत भौतिकशास्त्रात शिकलेली कार्यक्षमता ही इतकी रोजच्या खिशातली गोष्ट असेल, असं वाटलं नव्हतं.

गाडी टाटाची नेक्सॉन ईव्ही, २०२२ मधली प्राइम. पुण्यातल्या एका जोडप्याला मोठ्या बॅटरीची गाडी घ्यायची होती, म्हणून ही विकायची होती. नव्या गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास सौदा ठरला. हिरव्या पाटीवर पांढरे आकडे, अंगावर एक-दोन ओरखडे, बाकी लख्ख.

जुनी गाडी बघायला जाताना आपण एखादा मेकॅनिक बरोबर नेतो. तो इंजिनाचा आवाज ऐकतो, ऑइलची कांडी काढून बोटाला लावून बघतो, सायलेन्सरचा धूर बघतो, क्लच दाबतो. इथे यातलं काहीच नाही. ऑइल नाही, धूर नाही, क्लच नाही, गिअरबॉक्सला एकच गिअर. आमचा मेकॅनिक टायर, सस्पेन्शन आणि खालचा पत्रा बघून मोकळा झाला. बघायची ती एकच मोठी गोष्ट, बॅटरी. तिचं आरोग्य कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून तपासून घेता येतं आणि वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. म्हणजे चार वर्षांची गाडी घेतली तरी सगळ्यात महागड्या भागाची अर्धी हमी अजून शिल्लक. ती दुसऱ्या मालकाच्या नावावर पुढे चालू राहते ना, हे मात्र लेखी घ्यावं. आणि बॉनेटखालची साधी बारा व्होल्टची बॅटरी जरूर तपासावी, कारण मोठ्या बॅटरीचे स्विच हीच छोटी बॅटरी चालू करते. ही बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

खरी परीक्षा आम्ही रस्त्यावर घेतली. शंभर टक्के चार्ज करून पुण्याहून निघालो. ताशी सत्तर-ऐंशीच्या वर गेलो नाही, आणि किती किलोमीटरला किती टक्के गेले हे मुलगा लिहीत बसला. कंपनीचा प्रमाणित आकडा ३१२ किलोमीटरचा, पण तो चाचणीतला. प्रत्यक्षात १८० ते २०० धरून चालावं. कराडला पोचलो तेव्हा वाटेत कुठेही चार्जिंगला न लावता बॅटरीत अजून शिल्लक होती, आणि मनातली सगळी धाकधूक गेली होती.

या बॅटरीबद्दल वाचायला लागले आणि वाचतच राहिले. हिच्यात लिथियम, लोखंड आणि फॉस्फेट. कोबाल्ट नाही, निकेल नाही. लवकर तापून पेटत नाही आणि चार्जिंगच्या फेऱ्या भरपूर सोसते. म्हणूनच जुन्या गाडीत ही बॅटरी असेल तर मला तरी तिचा भरवसा जास्त वाटतो. हे रसायन बॅटरीत चालेल हे दाखवणारा शोधनिबंध १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून आला. त्यावर जॉन गुडइनफ यांचं नाव आहे, ज्यांना पुढे २०१९ मध्ये वयाच्या ९७व्या वर्षी नोबेल मिळालं. पण निबंधावरचं पहिलं नाव आहे अक्षय पाढी, आणि दुसरं नंजुंडस्वामी! आपल्या दारातल्या गाडीच्या मुळाशी अशी नावं आहेत, हे कुणी कसं सांगत नाही?

याच रसायनाचा एक स्वभावही कळला. बॅटरी ऐंशी टक्के असो की चाळीस, तिचा व्होल्टेज जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे नेमकं किती उरलंय याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकायला लागतो. अधूनमधून पूर्ण शंभर टक्के चार्ज केली की हिशेब पुन्हा जागेवर येतो. ‘ऐंशीच्या वर नेऊ नका’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो सगळ्या बॅटऱ्यांना सारखा लागू नाही.

आरटीओचे फॉर्म २९ आणि ३०, बँकेची एनओसी, विमा नावावर करणं, हे सगळं कुठल्याही जुन्या गाडीसारखंच झालं. त्यावर फार लिहीत नाही.

लिहायचंय ते चार्जरबद्दल. खरं म्हणजे वायरमनबद्दल.

चार्जर भिंतीवर बसवायचा म्हणून आमच्या नेहमीच्या वायरमनला बोलावलं. मला वाटलं, तो आधी भिंतीला भोक पाडेल. त्याने मल्टिमीटर काढला. फेज आणि न्यूट्रल, २३२ व्होल्ट. मग एक टोक न्यूट्रलला आणि दुसरं अर्थिंगला लावलं. पंधरा व्होल्ट! तो म्हणाला, “वहिनी, तुमच्या घराला अर्थिंग आहे ते नुसतं नावाला. पंखे-टीव्हीला चाललं, गाडीला नाही चालायचं. चार्जर चालूच होणार नाही.” इतकी वर्षं आम्ही या घरात राहतो, गिझर लावतो, ओल्या हाताने वॉशिंग मशीन उघडतो, आणि आमच्याखाली अर्थिंग असं कधी धड नव्हतंच. हे गाडीने उघडकीला आणलं. नुसत्या या एका गोष्टीसाठी मी गाडीची ऋणी आहे.

मग अंगणात खड्डा. जीआय पाइप, मीठ, कोळसा, पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा, वरून पाणी. नाना, म्हणजे माझे सासरे, खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी जन्मात इतकं मीठ जमिनीत जाताना बघितलं नव्हतं. आमची काळी ओली माती कामाला आली. पुन्हा मीटर लावला तेव्हा आकडा दोन व्होल्टच्या खाली. वायरमनने तो मला वाकून बघायला लावला, आणि मलाही तो बघताना अभिमान वाटला.

मीटरपासून पार्किंगपर्यंत सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली. आमची गाडी घरच्या विजेवर ३.३ किलोवॉटनेच चार्ज होते, तिला याहून बारीक वायर पुरली असती. पण उद्या ७.२ किलोवॉट घेणारी गाडी आली तर भिंत पुन्हा फोडायला नको, असं वायरमनचं म्हणणं, आणि ते शंभर टक्के पटलं. चार्जरला स्वतंत्र आरसीबीओ, ३० मिलिअँपिअरचा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला पाहिजे. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट दुसऱ्या कुठल्या वाटेने, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत चाललाय. अशा वेळी क्षणात वीज बंद. आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेतला. गिझर, पाण्याची मोटर आणि गाडी एकदम लागली तर जुना भार पुरला नसता.

आणि मग पहिल्यांदा चार्जरची गन गाडीला लावली.

मला वाटायचं, मोबाइलसारखं असेल, पिन घातली की वीज सुरू. तसं मुळीच नाही! त्या टाइप-टू गनमध्ये सात पिना असतात, आणि त्यातल्या एकीवरून आधी फक्त बोलणं होतं. चार्जर त्या पिनेवर बारा व्होल्ट ठेवून वाट बघतो. गाडी जोडली गेली की ते नऊवर येतात. मग चार्जर त्याच तारेवर सेकंदाला हजार ठोके देऊ लागतो, आणि ठोका किती लांब आहे त्यावरून गाडीला कळतं की इथून जास्तीत जास्त किती अँपिअर घ्यायचे. गाडी तयार झाली की व्होल्टेज सहावर आणते. तेव्हा कुठे चार्जरच्या पोटातून ‘खट्’ असा आवाज येतो आणि मुख्य वीज सोडली जाते. तोवर त्या जाड पिनांमध्ये वीजच नसते. पावसात हात लावायचा का, ही नानांची शंका तिथेच मिटली. मी आता तो ‘खट्’ ऐकल्याशिवाय घरात जात नाही.

पण सगळ्यात मोठा आनंद कुंभार्लीत मिळाला. माझं माहेर चिपळूणचं, त्यामुळे कराड-पाटण-कोयनानगर-कुंभार्ली-पोफळी हा रस्ता मला पाठ. घाट उतरायला लागलो, ब्रेकिंगची पातळी तीनवर ठेवली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. मोटर उलटी जनरेटर झाली. गाडी स्वतःच वेग आवरत होती, ब्रेकला पाय जवळजवळ लागतच नव्हता, आणि बॅटरीचे टक्के वर चढत होते. वर! गाडी चालतेय आणि टाकी भरतेय!

आणि पोफळी जवळ आली तसं डोक्यात लख्ख पडलं. कोयनेचं पाणी नेमकं हेच करतं. शिवाजीसागराचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून खाली येतं, पोफळीच्या बाजूला टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळतं. १९६२ पासून हे चालू आहे, आणि सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉटची क्षमता आहे. उंचावरून खाली येणारं वजन वीज देतं, एवढंच ते तत्त्व. चार माणसांसकट आमची गाडी साधारण १६५० किलोची. साडेपाचशे मीटर उतरली की पृथ्वी तिला सुमारे अडीच युनिट देऊ करते. त्यातलं काही वाऱ्यात आणि टायरमध्ये जातं, उरलेलं बॅटरीत परत येतं. लहानपणापासून मी कोयनेची वीज हे शब्द ऐकत आले. ती वीज कशी होते हे पायाच्या अंगठ्याला कळलं ते त्या दिवशी.

आपल्या राज्यात अजून बरीचशी वीज कोळशाचीच होते, हे मला माहीत आहे. म्हणूनच शक्य तेव्हा गाडी दिवसा, सौरऊर्जेच्या वेळेत चार्ज करते. स्मार्ट मीटर असेल तर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या घरगुती वापराला सवलतही आहे. बिलाचं एक लक्षात ठेवायचं, घरच्या मीटरवर गाडी लावली की महिन्याचे युनिट वाढून वरच्या दराच्या टप्प्यात जातात. फिरणं जास्त असेल तर गाडीसाठी वेगळं कनेक्शन घेता येतं, त्याचा दर वेगळा. तरीही युनिट दहा रुपयांना धरलं आणि युनिटमागे सहा किलोमीटर धरले, तर किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आत. पेट्रोलवर आम्ही सात रुपये घालवत होतो.

ज्यांच्याकडे स्वतःचं पार्किंग आणि स्वतःचा मीटर आहे, रोजचं फिरणं शंभरेक किलोमीटरच्या आत आहे, त्यांनी जुनी इलेक्ट्रिक गाडी जरूर बघावी. नव्याचे पैसे पहिल्या मालकाने भरलेले असतात. फक्त क्रम उलटा करा. गाडी बघायला जाण्याआधी वायरमनला घरी बोलवा आणि न्यूट्रल-अर्थमध्ये मीटर लावून किती व्होल्ट येतात ते बघा. गाडी घ्या किंवा नका घेऊ, ते अर्थिंग मात्र याच आठवड्यात करून घ्या.