विहीर आणि रांजण

छत्री पावसात उपयोगी पडते, पण सोसाट्याच्या वाऱ्यात उलटी होते. कंदील वाऱ्यात टिकतो, पण तेल संपले की त्याचा काही उपयोग नसतो. माणसाने केलेल्या प्रत्येक साधनाला गुणांबरोबर एखादा दोष चिकटलेला असतोच. सुज्ञ माणूस दोष पाहून साधन टाकून देत नाही, आणि गुणांना भुलून दोषांकडे डोळेझाकही करीत नाही. माझ्याजवळ पुष्कळ वर्षांपासून असलेल्या एका लहानशा यंत्राने मला हा विचार अनेकदा करावयास लावला. त्या यंत्राचीच गोष्ट आज मी तुम्हांला सांगणार आहे.

यंत्राचे नाव आयपॉड टच. अमेरिकेतील ॲपल या कंपनीने ते ५ सप्टेंबर २००७ रोजी जगापुढे आणले. माझा पुतण्या कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. २००८ साली तो सुटीत ठाण्याला घरी आला, तेव्हा त्याने ते माझ्या हातावर ठेवले. जाडी अवघी ८ मिलिमीटर आणि वजन १२० ग्रॅम. सदऱ्याच्या खिशात घातले तरी खिसा ओघळत नसे. समोर साडेतीन इंचांची काच. तिच्यावर बोट फिरवावे, की पान सरके. दोन बोटे टेकवून एकमेकांपासून दूर न्यावीत, की बारीक अक्षरे मोठी होत. चष्म्याच्या शोधात सारे घर पालथे घालणाऱ्या माझ्यासारख्याला ही सोय फारच मोलाची वाटली.

ते दिसावयास मोबाइलसारखे असले, तरी मोबाइल नव्हते. त्यात सिमकार्ड बसत नसे. इंटरनेटशी त्याची गाठ पडे ती केवळ वाय-फायच्या द्वारे. हे वाय-फाय म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. घरात इंटरनेटची तार एका लहान पेटीपर्यंत येते. तिला राउटर म्हणतात. त्या पेटीपासून पुढे तारेचे काम रेडिओलहरी करतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या लहरी घरभर पसरतात. परंतु भिंती ओलांडता ओलांडता त्या क्षीण होत जातात, आणि घरापासून थोडे दूर गेले की नाहीशा झाल्यासारख्याच होतात. म्हणून मी वाय-फायला अंगणातल्या विहिरीची उपमा देतो. विहिरीला पाणी उदंड असते. मात्र ते हवे तर अंगणात असावे लागते.

घरी असताना या विहिरीचे सुख मी मनसोक्त घेतले. तेव्हा मी मुख्याध्यापक होतो. शाळेत एखाद्या मुलाने शनीच्या कड्यांविषयी काही विचारले, तर रात्री आरामखुर्चीत पडल्या पडल्या मला त्या कड्यांची छायाचित्रे पाहता येत. दूरदूरच्या शहरांची वर्तमानपत्रे, शब्दकोश, नकाशे, सारे काही त्या तळहाताएवढ्या काचेत येई. शिवाय त्या यंत्राची घंटा कधी वाजत नसे. वाचनात रमलेल्या माणसाला याहून मोठा गुण तो कोणता?

आता दोषांकडे वळू. उंबरठा ओलांडून थोडे पुढे गेले, की यंत्र बहिरे होई. रस्ता चुकावा आणि नकाशा हवा असावा, नेमका तेव्हाच तो मिळत नसे. माझ्याजवळच्या त्या पहिल्या पिढीच्या यंत्रात छायाचित्र काढण्याची सोय नव्हती, बोलणे मुद्रित करण्याची नव्हती, आणि गाणे चारचौघांना ऐकवील असा ध्वनिवर्धकही नव्हता. जे ऐकावयाचे ते कानांत इअरफोन घालून एकट्याने ऐकावे. संगणकावरचे आपले एखादे ध्वनिमुद्रण त्यात भरावयाचे तर तार जोडावी लागे. आणखी एक दोष यंत्राइतकाच ते वापरणाऱ्याचाही म्हणावा लागेल. जुलै २००८ पासून त्यात नाना तऱ्हेचे खेळ घेता येऊ लागले. पुस्तक आणि खेळ एकाच काचेत शेजारी शेजारी बसले, म्हणजे बोट कोणाकडे वळते, हे मी तुम्हांला सांगावयास नको!

परंतु या यंत्राजवळ विहिरीबरोबर एक रांजणही होता. रांजण म्हणजे त्याची स्वतःची स्मृती. ती ८ जीबीची होती. तीत सुमारे १७५० गाणी मावतात, असे निर्मात्यांनी सांगितले होते. आगाऊ भरून ठेवलेले हे धन वाय-फाय असो वा नसो, केव्हाही काढता येई. प्रवासाला निघण्यापूर्वी जशी आपण शिदोरी बांधतो, तसा मी आदल्या रात्री बसून विचार करी : उद्या आपल्याला काय ऐकावेसे वाटेल? काय वाचावेसे वाटेल? यंत्र घराबाहेर दुबळे होते, म्हणूनच मला ही सवय लागली.

या रांजणात मी एक अमोल वस्तू ठेवली होती. माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही सारे आक्का म्हणत असू. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी तिने सारा जन्म काढला. पहाटे जात्यावर बसून तिने म्हटलेल्या ओव्या ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. २००९ च्या दिवाळीत माझ्या पुतण्याने तिला संगणकासमोर बसविले आणि तिच्या ओव्या मुद्रित करून घेतल्या. “अरे, जात्याशिवाय ओवी कशी आठवेल?” असे म्हणून ती आधी हसली. मग हात गोल फिरवीत फिरवीत तिने एकामागून एक ओव्या म्हटल्या. २०१३ साली आक्का गेली. त्यानंतर तो आवाज या यंत्रात माझ्याबरोबर हिंडू लागला.

२०१७ च्या उन्हाळ्यात मी कोकण रेल्वेने गावी निघालो होतो. समोरच्या बाकावर तुमच्याच वयाची एक मुलगी वडिलांच्या मोबाइलवर चित्रपट पाहण्यात गढून गेली होती. संगमेश्वर मागे पडले आणि काही वेळाने गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. हा बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. डोंगराच्या पोटात मोबाइलच्या लहरी पोहोचल्या नाहीत. चित्र जागच्या जागी थिजले. डब्यात जो तो आपापल्या मोबाइलकडे पाहून चुळबुळ करू लागला. मी मात्र स्वस्थ बसून ऐकत होतो.

“आजोबा, तुमचं कसं चालू आहे?” मुलीने विचारले.

“अगं बाळ, मी घरूनच भरून आणलं आहे,” असे म्हणून मी एका कानातला इअरफोन काढला आणि तिच्यापुढे धरला.

तिने तो कानाला लावला. आक्काची ओवी चालली होती. मुलगी क्षणभर गोंधळली, आणि मग लक्ष देऊन ऐकू लागली. “माझी पणजी असंच काहीतरी गुणगुणते,” ती म्हणाली, “पण मी कधी नीट ऐकलंच नाही.” एवढ्यात डब्यात उजेड आला. वडिलांच्या हातातला मोबाइल पुन्हा बोलू लागला. ती त्याच्याकडे वळली खरी. पण ओवी पुरी झाल्यावरच.

रांजणालाही दोष असतो, हे सांगितले नाही तर ही गोष्ट अपुरी राहील. मातीचा रांजण कधीतरी फुटतो, आणि यंत्रही जुने होते. अशा यंत्रांना शक्ती पुरविणारी लिथियमची बॅटरी वापराने आणि वयाने हळूहळू दुर्बळ होत जाते. तो तिचा धर्मच आहे. आयपॉड टचमध्ये ती आत बंद केलेली असे, म्हणून कंदिलाची वात बदलावी तशी ती घरी बदलता येत नसे. २०१० च्या उन्हाळ्यात आलेली नवी प्रणाली पहिल्या पिढीच्या यंत्रांवर चालत नव्हती. पुढे मोबाइलच सारी कामे करू लागले, आणि मे २०२२ मध्ये कंपनीने आयपॉड टचची विक्री थांबविण्याचे जाहीर केले. हे सारे ध्यानात घेऊन मी आक्काच्या ओव्यांच्या दोन प्रती निराळ्या काढून ठेवल्या आहेत : एक माझ्याजवळ आणि एक पुतण्याजवळ. एवढेच नव्हे, तर रोज एकेक ऐकून त्यांतल्या बऱ्याच ओव्या आता मला मुखोद्गतही झाल्या आहेत. ही तिसरी प्रत.

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आज माझ्या यंत्राहून कितीतरी समर्थ यंत्रे असतील. त्यांना अंगणाची मर्यादा नाही. विहीर जणू तुमच्याबरोबरच चालते आहे. या भाग्याचा अवश्य लाभ घ्या. परंतु वाटेत बोगदे येतात, वीज जाते, बॅटरी संपते, आणि परीक्षेच्या खोलीत तर कोणतेच यंत्र बरोबर नेता येत नाही. अशा वेळी जे आधी भरून ठेवलेले असेल तेच कामी येते. पाढे, कविता, आप्तेष्टांचे पत्ते, आजीच्या गोष्टी ही सारी रांजणात भरण्याजोगी संपत्ती आहे. विहीर काठोकाठ भरलेली आहे, म्हणून घरातला रांजण कोणी रिकामा ठेवीत नाही.