गिऱ्हाइकाचे एकोणीस प्रश्न

वाचकहो, मी पेशाने अनुवादक आहे. दिल्लीतील एका कचेरीत बसून इतरांचे लेखन मराठीत आणावयाचे आणि आलेल्या मजकुरातील काना-मात्रा तपासावयाची, हा माझा रोजचा उद्योग. व्यापाराशी माझा संबंध भाजीबाजारातील घासाघिशीपलीकडे कधी आला नव्हता. तरीही गेल्या काही वर्षांत घरच्या धंद्यासाठी एक संकेतस्थळ मला दोनदा उभारावे लागले. पहिल्यांदा ते फसले, दुसऱ्यांदा टिकले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पापडांचा, मसाल्यांचा, गोधड्यांचा असा एखादा लहानसा धंदा असेल आणि ‘आता आपलेही संकेतस्थळ हवे’ असा विचार मनात घोळत असेल. अशांच्या उपयोगी पडावी म्हणून ही हकीकत सांगते. तीत माझी फजिती आहे, हे आधीच कबूल करून टाकते.

माझे माहेर सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. परसात कोकमाची चौदा झाडे आहेत. वहिनी आमसुले, आगळ आणि कोकमतेल करतात, आणि दादा हमरस्त्यावरील लहानशा दुकानात ते विकतो. गोव्याकडे जाणारे प्रवासी हेच आमचे मुख्य गिऱ्हाईक. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि रस्ता ओस पडला. कोकमाचा हंगाम एप्रिल-मे महिन्यांचा. पिकलेले फळ काही झाडावर वाट पाहत थांबत नाही. वहिनींनी नेहमीप्रमाणे फळे फोडली, सालींना मीठ घातलेल्या रसाची पुटे देऊन त्या उन्हात वाळवल्या, आणि जूनमध्ये घरात सव्वाशे किलो आमसुले भरलेल्या बरण्या उभ्या राहिल्या. घेणारा कोणी नव्हता. त्याच वर्षी बरण्या आणि वाळवणाच्या जाळ्या घेण्यासाठी त्यांनी बचत गटाकडून चाळीस हजार रुपये उचलले होते. गटातील बायका शेजारच्याच. हप्ता चुकला तर तोंड चुकवून पाणवठ्यावर जाण्याची पाळी.

तेव्हा मी पुढाकार घेतला. “वहिनी, संकेतस्थळाचा मजकूर मी लिहिते,” असे मोठ्या ऐटीत सांगितले. २०२१ साली एका ओळखीच्या माणसाने सुचविलेल्या कारागिराकडे काम सोपविले. मी ‘सागराच्या गाजेत वाढलेले, सह्याद्रीच्या मायेने रसरसलेले’ अशा थाटाची चार पाने लिहिली. कोकमाने अमुक व्याधी जाते, तमुक विकार शमतो, अशी पाच-सहा वाक्येही घातली. कारागिराने त्यावर लाटांचे चलच्चित्र बसविले आणि माझा सारा मजकूर सुंदर वळणाच्या अक्षरांत चित्र म्हणून चिकटविला. ते पाहून मी हरखून गेले. वहिनींनी मात्र सगळे शांतपणे वाचून एवढेच विचारले, “वन्सं, तुम्ही लिहिलंय छान, पण पाव किलोला किती पैसे, ते कुठं आहे?”

ते कोठेच नव्हते.

चार महिन्यांत अकरा मागण्या आल्या, त्यांपैकी आठ नातेवाइकांच्या. पुढे कारण उमगले. शोधयंत्र मुख्यतः मजकूर म्हणून टंकलेली अक्षरे वाचते. चित्रात गुंतलेली अक्षरे त्याच्या हिशेबी बहुधा येत नाहीत. दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखविणारे साधनही तेथे अडखळते. देवनागरीला संगणकात सर्वमान्य स्थान देणारी युनिकोडची पद्धत १९९१ पासून अस्तित्वात असताना, मराठीवर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीने आपली अक्षरे चित्रात कोंडावीत, याची मला आजही लाज वाटते.

याहून मोठा घाव पुढे बसला. दुरुस्तीसाठी कारागिरास फोन केला, तो लागेना. चौकशी केली तेव्हा कळले की संकेतस्थळाचे नाव त्याने स्वतःच्याच नावे नोंदविले होते. येथे थोडे खुलाशाचे सांगणे भाग आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत हे विश्वव्यापी जाळे विणले, आणि १९९३ साली त्या संस्थेने ते सर्वांस विनामूल्य खुले केले. त्यामुळे त्या विद्येचे मोल कोणास द्यावे लागत नाही. पैसे पडतात ते दोन गोष्टींचे: पाने ठेवावयाची जागा आणि ज्या नावाने लोक तेथे पोचतात ते नाव. ही दोन्ही मुदतीच्या भाड्याने मिळतात. भाडे ज्याच्या नावे, हक्क त्याचा. आमची मुदत संपली, कोणी ती वाढविली नाही, आणि एका सकाळी पान नाहीसे झाले. तोवर त्या पत्त्याची दोन हजार लेबले छापून झाली होती. वहिनी रात्री जेवणे आटोपल्यावर त्या प्रत्येक लेबलावर कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवीत बसत. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

२०२२ च्या दिवाळीत मी गावी गेले, ती ‘पुन्हा या भानगडीत पडावयाचे नाही’ असे ठरवूनच. स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान सहज उलटले, तर मागे वहिनींचे बारीक अक्षर दिसले. फोनवर गिऱ्हाइके जे विचारीत ते त्या टिपून ठेवीत. एकोणीस प्रश्न होते. मीठ जास्त आहे का? चार माणसांच्या आमटीला किती आमसुले घालावयाची? काळी पडली म्हणजे खराब झाली का? वरून रंग लावला आहे का? आगळात साखर असते का? पावसाळ्यात पार्सल भिजले तर पैसे परत मिळतील का?

मी ते पान खाली काढून घेतले. संकेतस्थळाचा आराखडा तयारच होता, आणि तो मी लिहिलेला नव्हता.

दुसरे संकेतस्थळ आम्ही प्रथम भाच्याच्या चौकटीच्या वहीत उभारले. एका पानावर एक काम, अशी पाचच पाने आखली: आम्ही काय विकतो, वजन, दर आणि टपालखर्च, माल कसा तयार होतो, आम्ही कोण, आणि पत्ता, फोन व तक्रारीची सोय. एकोणीस प्रश्नांची उत्तरे त्या-त्या जागी बसविली. अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक ठळक घातला. विक्रेत्याचे नाव-पत्ता, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार कोणाकडे करावी हे ग्राहकास स्पष्ट कळावे, असे २०२० चे ई-वाणिज्याचे नियम सांगतात. पण नियम नसता तरी शहाण्या दुकानदाराने तेच केले असते. व्याधी बरी करण्याची माझी वाक्ये वहिनींनी स्वतः खोडली. “आपण काय औषध विकतो, वन्सं?” त्यांचे म्हणणे कायद्यालाही धरून होते, खाद्यपदार्थांविषयी भलते दावे करण्यास २०१८ च्या नियमांनी मज्जाव केला आहे.

छायाचित्रे सकाळच्या उजेडात ओटीवर घेतली: पांढऱ्या ताटलीत आमसुले आणि शेजारी रुपयाचे नाणे, म्हणजे आकाराचा अंदाज यावा. मोबाइलवरील छायाचित्र चार-पाच मेगाबाइटचे भरते. ते दोनशे किलोबाइटच्या आत आणले. मग वहिनींचा जुना मोबाइल घेऊन, जेथे रेंज जेमतेम येते त्या चिंचेखाली उभे राहून पान उघडून पाहिले. तेथे ते झटकन उघडले, तेव्हाच काम पुरे झाले असे मानले. नाव व जागा दादाच्या नावे घेतली, पैसे भरल्याची पावती आणि परवलीचे शब्द वहीत लिहून ती कपाटात ठेवली, आणि मुदत संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने मांडली.

अनुवादक म्हणून माझा उपयोग झाला तो अगदी शेवटी. गिऱ्हाईक शोधते ते आपल्या स्वयंपाकघरातील शब्दाने. गुजराती गृहिणी वरणात ‘कोकम’ घालते. गोव्यात ‘सोलां’ म्हणतात. कानडीत ‘मुरुगलु’ आणि मंगळुराकडे तुळू भाषेत ‘पुनर्पुळी’. केरळातील ‘कुडंपुळी’ हे आपल्या कोकमाचे भावंड खरे, पण ते फळ वेगळे. म्हणून तसा खुलासा केला, कारण चुकीच्या समजुतीवर एकदा माल खपेल, दुसऱ्यांदा खपणार नाही. हे सारे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत साध्या वाक्यांत लिहिले. सागर आणि सह्याद्री या वेळी मजकुरात आले नाहीत.

पहिली अनोळखी मागणी मंगळुराहून आली, ‘पुनर्पुळी’ शोधता शोधता. पुढे बडोदा, हैदराबाद, इंदूर येथून येऊ लागल्या. आम्ही श्रीमंत झालो असे समजू नका. अजूनही बहुतेक लोक पान पाहून नंतर फोनच करतात. पण त्यांचे प्रश्न आता निराळे असतात, “रंग लावलाय का?” असे न विचारता ते “यंदा माल कधी येणार?” असे विचारतात. बचत गटाचा शेवटचा हप्ता २०२४ च्या हंगामानंतर फिटला. त्या दिवशी वहिनींनी मला फोन केला, आणि बराच वेळ नुसत्या हवापाण्याच्याच गोष्टी बोलल्या.

खरी परीक्षा २०२५ च्या मे महिन्यात झाली. त्या वर्षी पाऊस फार लवकर आला. २५ मे रोजी तर मोसमी पावसाने कोकण गाठलेही. तिसरे पूट दिलेली आमसुले जाळ्यांवर असतानाच भिजली. वाळवून, वर मीठ भुरभुरून ती खपविता आली असती. छायाचित्रात फरक दिसला नसता. दादा तसे म्हणालाही. वहिनींनी मला दिल्लीला फोन करून दोन वाक्ये सांगितली आणि ती पहिल्या पानावर घालावयास लावली: “यंदा दुसरा घाणा पावसात भिजला, तो आम्ही विकणार नाही. जेवढा चांगला माल आहे तेवढाच पाठवू. उरलेल्यांनी कृपा करून पुढच्या हंगामापर्यंत थांबावे.”

संपादकाच्या सवयीने मी ती वाक्ये सुधारावयास घेतली आणि लेखणी थांबली. त्यांत सुधारण्याजोगे काही नव्हते. त्या आठवड्यात एकतीस जणांनी पुढच्या वर्षासाठी नावे नोंदविली.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी असा बेत चालला असेल, तर कारागीर शोधण्यापूर्वी एक वही घ्या. महिनाभर गिऱ्हाईक जे जे विचारील ते त्याच्याच शब्दांत तीत उतरवा. नाव आपल्या नावे नोंदवा, दर लपवू नका, आणि जे खरे नाही ते लिहू नका. मग वही जिच्या हातची असेल, तिलाच मजकूर सांगू द्या. लिहून घेणारे आपल्याला कोठेही मिळतील.