पंचवीस की बावन्न?

मुलांनो, खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी लहानपणी ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिलं होतं? मी तर लिहिलं होतं. आणि तरीही शिक्षिका झाल्यावर मी ते साफ विसरून गेले.

गेल्या वर्षी माझ्या दुसरीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. वडील गवंडीकाम करायचे, घरी सगळे तेलुगू बोलायचे. मराठी तिला छान समजायचं. पण मी दहा संख्या सांगितल्या, त्यातल्या सात चुकल्या. २५ चे ५२, ३६ चे ६३, ८१ चे १८! बरोबर आल्या त्या फक्त ७, ३३ आणि ४४. मी लाल पेनाने लिहिलं, ‘लक्ष देत जा.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी सगळ्या वर्गासमोर तिला बोलले. त्यानंतर ती वही पुढे आणेनाशी झाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी गेले. माझा धाकटा भाऊ कॉम्प्युटरचं काम करतो. फराळाची बशी बाजूला सारून तो पडद्यावरच्या आकड्यांच्या दोन रांगा बघत बसला होता.

“काय शोधतोयस रे एवढं?”

“ताई, एकच संख्या दोन कॉम्प्युटर उलटसुलट लिहितात. त्यातली चूक शोधतोय.”

माझे कान टवकारले.

त्याने सांगितलं ते असं. कॉम्प्युटरच्या स्मरणात छोटे छोटे खण असतात. एका खणाला बाइट म्हणतात आणि त्यात ० ते २५५ एवढीच संख्या मावते. मग ३०० कुठे ठेवायचे? दोन खणांत. एकात १, म्हणजे एक वेळा २५६, आणि दुसऱ्यात उरलेले ४४. आता आधी कुठला खण भरायचा? इंटेलचा प्रोसेसर आधी लहान टोक ठेवतो : ४४, १. आयबीएमचे मोठाले मेनफ्रेम आधी मोठं टोक ठेवतात : १, ४४. आपापल्या घरी दोघंही बरोबर! घोटाळा होतो तो एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचलं की.

या दोन पद्धतींना इंग्रजीत जी नावं आहेत ती ‘गलिव्हर’च्या गोष्टीतून आलेली. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या त्या पुस्तकात अंडं मोठ्या टोकाकडून फोडावं की लहान, यावरून लिलिपुटची माणसं लढाया करतात. डॅनी कोहेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९८० साली, तेही १ एप्रिलला, कॉम्प्युटरवाल्यांच्या भांडणाला हीच नावं देऊन टाकली.

भावाचं काम होतं एका कंपायलरची परीक्षा घेण्याचं. कॉम्प्युटर चालू झाला की त्याला स्वतःच्या अंगाची माहिती लागते. बॅटरी कुठे, पंखा कुठे, झाकण मिटलं तर काय करायचं. ही माहिती काही तक्त्यांत भरलेली असते. माणसाला वाचता येईल अशा मजकुरातून तो तक्ता बाइटांत उतरवतो तो हा कंपायलर. नियम असा, की कंपायलर कुठल्याही यंत्रावर चालो, तक्ता लहान टोक आधी असाच लिहायचा. म्हणून मेनफ्रेमवर त्याला आठवणीने उलटं लिहावं लागतं. भावाकडे मेनफ्रेम थोडाच असणार! क्यूएमू नावाच्या प्रोग्रॅमने त्याने लॅपटॉपच्या पोटातच एक नकली मेनफ्रेम उभा केला होता. एकच मजकूर दोन्हीकडे द्यायचा आणि निघालेले तक्ते बाइटाला बाइट लावून बघायचे.

सर्वांत छोटा तक्ता ३६ बाइटांचा. ही लांबी तक्त्यातच चार खणांत लिहिलेली असते : ३६, ०, ०, ०. नकली मेनफ्रेमवर निघालं ०, ०, ०, ३६. हे इंटेलने वाचलं तर लांबी किती होईल? ६०,३९,७९,७७६! छत्तीस पावलांचं अंगण आणि पत्ता साठ कोटी पावलांचा.

“पण तुमच्याकडे ताळा नसतो का?” मी विचारलं.

“असतो ना. सगळ्या बाइटांची बेरीज केली की तिला २५६ ने पूर्ण भाग गेला पाहिजे. पण ताई, खणांची अदलाबदल केली म्हणून बेरीज बदलते का?”

खरंच की! आपला नवाचा ताळाही असाच फसतो. २ आणि ५ सात, ५ आणि २ सुद्धा सातच.

“आणि गंमत म्हणजे,” तो हसून म्हणाला, “आधी मी सगळीकडे शून्य घालूनच तपासत होतो. शून्य उलटं काय नि सुलटं काय! चूक दिसेचना. चारही खण वेगळे असतील अशी संख्या घेतली, तेव्हा कुठे सापडली.”

मला एकदम ३३ आणि ४४ आठवले. तिचे बरोबर आलेले. लाडू हातातच राहिला.

आपण ‘पंचवीस’ म्हणतो. पाच आधी, वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी. (‘एकशे पंचवीस’ तर आणखी अजब. शंभर, मग एकक, मग दशक!) २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! मीही तेव्हा नाक मुरडलं होतं. अजूनही मला ‘पंचवीस’च गोड वाटतं, ते सोडा. पण तेलुगूत म्हणतात ‘इरवै ऐदु’, वीस पाच. ती मुलगी घरच्या रीतीप्रमाणे, जे आधी ऐकू येई ते आधी लिहीत होती. लक्ष देत नव्हती असं नाही. उलट फार लक्ष देऊन ऐकत होती.

शाळा उघडली. मी तिला जवळ बोलावलं. ती वही पाठीमागे धरून उभी.

“तुझ्या घरी पंचवीसला काय म्हणतात गं?”

ती बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, “इरवै ऐदु.”

“फळ्यावर लिही बघू.”

तिने लिहिलं. २५. मग मी वर्गाला सांगितलं की चूक माझी होती. पोरं आ वासून बघत राहिली. बाईंची चूक! मधल्या सुट्टीत तीन-चार जण तिच्याभोवती जमून ‘इरवै ऐदु, इरवै आरु’ घोकत होते. त्यात एक उच्चार मला काही केल्या जमेना, तेव्हा तीच मला म्हणाली, “बाई, लक्ष द्या.”