पूस कुठून येते, कुठे जाते

पुसद,
पोळ्याच्या आदल्या दिवशी

चि. मैत्रेयीस,


आपल्या वावरामागची पूस शेवटी कोणत्या समुद्राला मिळते, असं तू फोनवर विचारलंस. ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

नकाशा समोर घे आणि वाशिमजवळचं काटा गाव शोध. त्या भागात दोन नद्या उगम पावतात. काटेपूर्णा उत्तरेला अकोल्याकडे जाते. ती पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. आपली पूस मात्र आग्नेयेची वाट धरते. तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. एकाच भागात पडलेल्या पावसाचे असे दोन वाटे होतात, आणि तेही दोन टोकांच्या समुद्रांना. मला आपल्या मुलखाची याहून मोठी गोष्ट माहीत नाही, आणि शाळेत ती कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

पुढचा प्रवास असा. डोंगरांच्या रांगांमधून पूस पुसदला येते. गावाच्या वरच्या अंगाला १९७१ साली ऊर्ध्व पूस धरण झालं. पुसदच्या नळाला येतं ते हेच पाणी. खाली महागावजवळ १९८३ साली दुसरं धरण झालं, ते निम्न पूस. तिथून हिवरा संगमला ती पैनगंगेत मिसळते आणि तिचं नाव संपतं. पैनगंगा वणी तालुक्यात जुगादजवळ वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत. म्हणजे राजमहेंद्रीच्या पुलाखालून वाहणाऱ्या पाण्यात आपल्या धुऱ्यावरून गेलेलं पाणीही असतं.

तुझ्या म्युनिकच्या इसार नदीला आल्प्सच्या बर्फाचा आधार आहे. पूसला असं कुणी नाही. जून ते सप्टेंबर पडेल तेवढाच पाऊस, आणि खाली काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही थोडंच. म्हणून दिवाळीनंतर धार बारीक होते आणि उन्हाळ्यात ठिकठिकाणी फक्त डोह उरतात. धरणाखाली तर सोडतील तेव्हाच पाणी. आपला गहू-हरभरा त्या पाळीवरच येतो. आणि हाच मुलूख एका रात्रीत पाण्याखालीही जातो. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, तेव्हा माणसं बाहेर काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली होती.

आता मला खरं सांगायचंय ते. १९०५ पर्यंत पुसद तालुका जुन्या वाशिम जिल्ह्यात होता. उगम आणि पुसद, दोन्ही एका जिल्ह्यात. तो जिल्हा मोडला, पुसद यवतमाळला जोडलं गेलं आणि नदीची दोन शकलं झाली. नदीच्या दृष्टीने जुनी रेघ बरी होती. आज धरणात पाणी किती, हे पुसदमध्ये सगळे विचारतात. पण ते ज्या माळांवरून येतं तिथे बांध घातलेत का, उतारावरची माती टिकते का, हे विचारणारे थोडे. वरची माती खरडून आली की ती धरणातच बसते, आणि तितकं पाणी कमी मावतं. 'माथा ते पायथा', म्हणजे काम वरच्या माळापासून सुरू करून खाली यायचं, असं म्हणतात ते याचसाठी. मुख्यमंत्री झालेले आपल्या गहुलीचे सुधाकरराव नाईक जलसंधारणाच्या मागे लागले होते, ते उगीच नाही. १० मे हा त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळतात. पण नुसता दिवस पाळून नाल्यात पाणी अडत नाही. पूस टिकवायची तर काम काट्यापासून सुरू करावं लागेल, आणि त्यात पुसदकरांनी पैसा आणि हात दोन्ही लावले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या खेपेला सुट्टी नाताळात न घेता ऑगस्टमध्ये घे. सकाळी काट्याला जाऊ आणि संध्याकाळपर्यंत हिवरा संगमला पोचू. मुलांनाही आण. एका दिवसात अख्खी नदी बघून होते.

तुझा,
बापूकाका