व्याधिशेष

ऋण, अग्नि व व्याधि यांचा शेष ठेवूं नये, हें सुभाषित मीं तीस वर्षें मुलांकडून पाठ करून घेतलें. त्याचा अर्थ मात्र मला गेल्या वर्षीं, सेवानिवृत्तीनंतर, घरींच शिकावा लागला.

माझ्या पत्नीच्या डाव्या पायांतील चप्पल चालतां चालतां निसटूं लागली. वयपरत्वें असें व्हावयाचेंच, म्हणून मीं दुर्लक्ष केलें. पुढें पायच अडखळूं लागला, तेव्हां एम.आर.आय. चित्र काढविलें. मेंदूच्या आवरणांतून उगवलेली सौम्य जातीची गांठ निघाली. हिलाच हार्वे कुशिंग यांनीं १९२२ सालीं ‘मेनिंजिओमा’ हें नांव दिलें.

पायाचें नियमन मेंदूच्या माथ्यावर, मध्यरेषेजवळ होतें. गांठ तेथेंच होती. पण त्याच रेषेवर कवटीखालून पुढून मागें एक महाशीर जाते. मेंदूंतील बरेंचसें रक्त तिच्यांतून परततें. तिचा पुढील तिसरा हिस्सा बहुधा बांधतां येतो. मागील भाग वाहता असतां बंद केला, तर रक्त तुंबून मेंदू सुजतो, अंग लुळें पडतें, प्रसंगीं प्राणहि जातो. आमची गांठ शिरेच्या मधल्या भागास चिकटलेली होती.

डॉक्टर म्हणाले, “मास्तर, गांठ काढूं, पण शिरेवरचा पापुद्रा राहूं देऊं.”

मी उसळलों. “शेष ठेवावयाचा, तर शस्त्र धरावयाचें कशाला?”

त्यांनीं मला लेनर्ड वुड यांची हकीकत सांगितली. या अमेरिकन सेनानीची अशीच गांठ कुशिंग यांनीं १९१० मध्यें काढली. पुढें ते फिलिपाइन्सचे गव्हर्नर जनरल झाले. गांठ पुन्हां वाढली व १९२७ मध्यें दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ते वारले.

“पाहा, शेष वाढलाच!” मी म्हणालों.

“खरें. पण मधलीं सतरा वर्षें त्यांना लाभलीं. शिवाय आज त्या शेषावर नजर ठेवतां येते. वाढलाच तर किरणोपचारहि आहे.”

मी पुन्हां तोंड उघडणार, तोंच पत्नी म्हणाली, “अहो, पाय माझा आहे. राहूं द्या थोडें.”

पापुद्रा राहिला. पाय कांहीं आठवडे जड होता. आतां ती काठीवांचून जिना चढते. दर वर्षीं चित्र काढावयाचें, आणि निकाल येईपर्यंत मला झोंप नाहीं.

सुभाषित खोटें नव्हे. परंतु व्याधीचा शेष काढतांना माणूस शेष राहिला पाहिजे. एवढेंच मुलांना सांगावयाचें माझ्याकडून राहून गेलें.