तराजू तपासणारी मुलगी

आमच्या भागात कुणाची मुलगी पीएचडी करतेय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कशात?" मग "किती वर्षं?" आणि तिसरा, जरा आवाज खाली करून, "खर्च कोण करतंय?" माझ्या भाचीमुळे गेली काही वर्षं या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी देत आले आहे. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झाले, म्हणून घरातले सगळे असे प्रश्न माझ्याकडेच पाठवतात.

भाचीने संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पुढे विषय निवडला तो असा : संशोधन कसं होतं, याचंच संशोधन. भाभी म्हणाल्या, "म्हणजे नवीन काही शोधायचं नाही? दुसऱ्यांनी शोधलेलं बघत बसायचं?" भाईजानचं किराणा दुकान आहे. त्यांनाही हे पटेना. तेव्हा मी म्हटलं, "भाईजान, तुमच्या काट्याचं पासिंग करायला माणूस येतो ना? तो साखर विकत नाही. पण त्याने शिक्का मारला नाही तर तुमच्या किलोवर कोण विश्वास ठेवील? ही पोरगी संशोधनाचे काटे तपासणार आहे."

असे काटे तपासले नाहीत तर काय होतं, याचं एक उदाहरण तिनेच मला सांगितलं. १९८० साली इंग्लंडमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ९५ रुग्णांवर लॉर्केनाइड नावाच्या औषधाची चाचणी झाली. औषध मिळालेल्या गटात ९ जण दगावले, न मिळालेल्या गटात १. डॉक्टरांना तो योगायोग वाटला. पुढे व्यापारी कारणांनी ते औषध मागे पडलं आणि चाचणीचे निष्कर्ष छापलेच गेले नाहीत. ते छापून आले १९९३ साली. दरम्यान त्याच प्रकारची दुसरी औषधं असंख्य रुग्णांना दिली जात होती. १९८९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत उघड झालं की त्यांच्यामुळे मृत्यू वाढतात. पहिल्या चाचणीचे आकडे वेळेवर छापले असते तर आधीच इशारा मिळाला असता, हे त्या डॉक्टरांनी स्वतःच लिहून ठेवलं. हे ऐकल्यावर भाभींनी पुन्हा "बघत बसायचं" असं म्हटलं नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न आहे. एम.एस्सी.ला असताना भाचीला एका नियतकालिकाकडून मेल आला होता : एवढे पैसे भरा, आठवड्यात लेख छापतो. २०१८ साली पुण्याच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी, विद्यापीठांनी सुचवून यूजीसीच्या यादीत आलेली १००९ नियतकालिकं तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची निघाली. पुढच्याच वर्षी यूजीसीने पीएचडीच्या मुलांना संशोधनातील नैतिकतेचा अभ्यासक्रम सक्तीचा केला.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येते. भाची पहिल्या प्रयत्नात नेट पास झाली, पण जेआरएफ थोडक्यात हुकली. अशा मुलांना पूर्वी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपचा आधार होता. २००९ साली सुरू झालेली ही योजना अल्पसंख्याक समाजातल्या एम.फिल. आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी होती. २०२२-२३ पासून ती नव्या मुलांसाठी बंद झाली. इतर योजना आहेतच, असं कारण सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत दिलं. भाचीला त्या दारातून जाता आलं नाही. घरात एका चांगल्या रिश्त्याची बोलणी सुरू होती, एका खाजगी शाळेत नोकरीही तयार होती. भाईजान म्हणाले, "एक वर्ष देतो. पुन्हा परीक्षा दे." ते वर्ष तिने सकाळी दुकानाचा हिशेब आणि रात्री अभ्यास असं काढलं. अल्हमदुलिल्लाह, दुसऱ्या खेपेला जेआरएफ मिळाली.

जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३७ हजार रुपये आणि पुढच्या टप्प्यात ४२ हजार झाली आहे, घरभाडं वेगळं. मात्र तिचा पहिला हप्ता यायला पाच महिने लागले. तोवर मेसचे पैसे दुकानातून गेले. म्हणून पालकांना माझं सांगणं आहे की वजिफा मंजूर झाला तरी सुरुवातीच्या काही महिन्यांची सोय हाताशी ठेवा.

भाची आता काय करते? आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदणी २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून ती सक्तीची आहे. ती नोंदवहीतली एकेक चाचणी घेते आणि तिचे निष्कर्ष कुठे छापून आले का, हे शोधते. काम अजून चालू आहे. कुणा कंपनीचा पैसा त्यात नाही, म्हणून कुणाचं नाव वगळण्याची तिच्यावर पाळी येत नाही. काटा तपासणाऱ्याचा पगार दुकानदाराच्या गल्ल्यातून निघत नाही, तसंच हे आहे. माझ्या मते वजिफ्याचं खरं मोल इथे आहे. ती खैरात नव्हे. साध्या घरातल्या मुलीला अडचणीचे प्रश्न विचारता यावेत, त्याची ती किंमत आहे.

ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल त्यांनी या विषयाच्या नावाने शिष्यवृत्ती शोधत बसू नये. संख्याशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, औषधनिर्माणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, मानसशास्त्र यांपैकी आपल्या शाखेतून फेलोशिप मिळवावी आणि मार्गदर्शकांशी बोलून विषय असा ठरवावा. परदेशाचा विचार असेल तर युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेकडे लक्ष ठेवावं. काही वर्षांपूर्वी तिच्यातून याच विषयात १५ जणांना पीएचडीची संधी मिळाली होती. तिथे विद्यार्थ्याला पगार मिळतो आणि राष्ट्रीयत्वाची अट नसते. फक्त ज्या देशात जायचं तिथे आधीच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं.

आणि घरच्यांनी एवढं करावं : मूल असा अनोळखी विषय घेऊन आलं तर "यात नोकरी काय?" हे जरूर विचारावं, पण त्याआधी "यात तू काय करणार?" हे विचारून त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्यावं. भाईजाननी तेवढं केलं होतं. इन्शाअल्लाह, पुढच्या दोन-तीन वर्षांत तिचा प्रबंध पूर्ण होईल.