अकरा रुपयांचं पाकीट

पंचवटीत गाण्याचा क्लास काढला तेव्हा फी सांगायची मला लाज वाटायची. कोणी विचारलं की म्हणायचो, "ही साधना आहे, द्याल ते द्या." पहिल्याच गुरुपौर्णिमेला एका पालकांनी सुपारी ठेवून पाकीट दिलं. आत अकरा रुपये! नमस्कार स्वीकारला आणि पुढचा महिनाभर त्यांच्या मुलाकडून नुसते अलंकार घोटून घेतले. एवढीच माझी निरिच्छता.

दाखला मात्र थोरामोठ्यांचा द्यायचो. पं. विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यात आमच्या नाशकात आश्रम काढून रामनामात कसे रमले, हे मुलांना रंगवून सांगायचो. याच माणसाने ५ मे १९०१ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, अभ्यासक्रम आखला, स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली आणि मुंबईच्या इमारतीपायी कर्जही अंगावर घेतलं, हे सोयीने गाळायचो. त्यांचं रामनाम मी उचललं. त्यांच्या हिशेबाच्या वह्या मला नको होत्या.

२००९ साली आडगावहून सिटी बसने एक मुलगी यायची. गळा हलका, पण तालाला पक्की. मध्यमा प्रथम या गाण्याच्या परीक्षेचा अर्ज फोटो चिकटवून, परीक्षेच्या पैशांसह तिने माझ्या हातात दिला. मी तो तानपुऱ्याच्या गवसणीत खोचला. सापडला तेव्हा मुदत टळून चार दिवस झाले होते.

विसरलो, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं. रोज गवसणी काढताना कागद हाताला लागत होता. पहाटेचा खर्ज लावायचा सोडून फॉर्म भरत बसायचं म्हणजे कारकुनी, असं वाटून मी तो पुन्हा आत सारत होतो.

तिच्या आईला म्हणालो, "परीक्षेचं काय एवढं, ताई? गाणं म्हणजे साधना."

"मग सर, अर्ज घेतलात कशाला?"

पैसे परत दिले. ते त्यांनी मोजून घेतले. मुलगी पुढच्या महिन्यापासून आली नाही. एकदा सीबीएस स्टँडवर दिसली, तेव्हा मीच स्टॉलवरचा पेपर उघडून तोंड लपवलं.

आता फी दाराशी लिहिलेली आहे, परीक्षेच्या तारखा तिच्या खाली. हजेरी मी स्वतः मांडतो. अर्ज हातात आला की त्याच दिवशी पाठवतो आणि पालकांना पावती देतो.